पिंग चालतंय, मग जॉब का पडतो? मेनफ्रेमच्या होस्टनेमची भानगड

नाशिकहून मेनफ्रेमला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मुख्य संगणकावर काम करायला येणारी पोरं कोबोल, जेसीएल, डीबी२ शिकून येतात, आणि सपोर्टला बसली रे बसली की पहिलंच तिकीट (तक्रार) येतं, फाईल ट्रान्सफर पडला, होस्ट सापडत नाही. सुट्टीला कॉलेज रोडवर चहाला भेटली की हमखास विचारतात, सर, माझ्या आयडीवरून पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड) मस्त चालतंय, मग रात्रीचाच बॅच जॉब (आपोआप चालणारं काम) का मरतो?

कारण होस्टच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधायची जागा एक नाहीये. झेड-ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, हे काम रिझॉल्व्हर करतो. ग्लोबल टीसीपीआयपी डेटा फाईल (सगळ्यांसाठीची नेटवर्क सेटिंग्ज) सेट केलेली असेल तर ती आधी. नंतर युनिक्सच्या बाजूने आलेला प्रोग्राम ईटीसी डिरेक्टरीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बघतो, नेटिव्ह एमव्हीएसवाला (युनिक्सच्या बाजूचा नसलेला) आधी सिसटीसीपीडी नावाचं डीडी (जॉबला फाईल जोडणारी ओळ), मग यूजरआयडी डॉट टीसीपीआयपी डॉट डेटा, मग सिस१ डॉट टीसीपीपार्म्स. म्हणजे कुणीतरी कधीकाळी टेस्टिंगसाठी स्वतःच्या आयडीखाली अशी एक फाईल बनवून विसरलाय, तर त्याला वेगळं उत्तर आणि प्रॉडक्शनच्या आयडीला वेगळं!

हा क्रम पाठ करत बसू नका. जॉबमध्ये सिसटीसीपीटी नावाचं डीडी सिसआउट इक्वल टू स्टार देऊन टाका, रिझॉल्व्हर स्वतःच ट्रेस छापतो. त्यात लोकल डेटासेट कुठला वाचला ते स्पष्ट येतं, आणि नेमसर्व्हर, डोमेन अशा प्रत्येक ओळीआधी कंसात जी किंवा एल असतं, जी म्हणजे ग्लोबल फाईलमधून, एल म्हणजे लोकलमधून. एवढ्यावरच अर्धी तिकिटं सुटतात, नेटवर्क टीमला उगाच मेल टाकायची गरज नाही.

टीसीपीआयपी डेटा फाईलमधली होस्टनेम ही ओळ आपल्या मशीनचं नाव सांगते, समोरच्याचं नाही, नवीन लोक तिथेच पार्टनरचं (ज्याच्याशी फाईलची देवाणघेवाण त्या मशीनचं) नाव टाकायला जातात. आधी सिस्टीमचं नाव आणि कोलन देऊन लिहिलं की दोन-तीन एलपारना (एकाच मशीनच्या वेगळ्या केलेल्या भागांना) एकच फाईल पुरते. पार्टनरचं नाव डीएनएसमध्ये (नेटवर्कवरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत) नसेल तर ते जातं ईटीसी डॉट आयपीनोड्स मध्ये, आधी आयपी मग नाव, साधं सरळ. जुन्या शॉपमध्ये (कंपनीच्या सेटअपमध्ये) होस्ट्स डॉट लोकल ही नावांची जुनी फाईल अजून दिसेल, ती बदलली की मेकसाईट ही कमांड चालवावी लागते. टीसीपीआयपी डेटामध्ये बदल केला असेल तर ऑपरेटरकडून एफ रिझॉल्व्हर कॉमा रिफ्रेश ही कमांड मारून घ्या.

कनेक्ट डायरेक्ट हे फाईल पाठवायचं सॉफ्टवेअर, जुने लोक ज्याला एनडीएम म्हणतात, तिथे अजून एक गंमत. नोडनेम आणि होस्टनेम वेगळे. नोडनेम नेटमॅपमध्ये (ओळखीच्या नोडांच्या यादीत), आणि त्याच्यासमोर पत्ता आणि पोर्ट, नेहमीचा १३६४. समोरच्यानेही आपलं नोड त्याच्या नेटमॅपमध्ये टाकलेलं असावं लागतं, नाहीतर पिंग ओके आणि प्रोसेस तरीही फेल.

आणि बॅच एफटीपीच्या पार्ममध्ये (प्रोग्रामला दिलेल्या पर्यायांत) एक्झिट टाकलंय का ते बघाच, नसेल तर ट्रान्सफर बोंबलला तरी स्टेप झीरो रिटर्न कोडने (म्हणजे सगळं ठीक असं सांगत) हसत बाहेर येते.

प्रॅक्टिससाठी आयबीएम झेड एक्सप्लोअर ही शिकायची साईट फुकट आहे. सिस्टीमच्या फाईली तिथे बदलायला मिळणार नाहीत, पण जॉब सबमिट करून आउटपुट वाचायची सवय लागते, गंगापूर रोडला क्लासची फी भरायच्या आधी तेवढं करून बघा.