जुना म्युझिक प्लेयर गाडीच्या स्टिरिओला कसा जोडाल?

आधी स्टिरिओ नीट बघा. त्याच्या तोंडावर, गिअरजवळच्या खणात किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये हेडफोनच्या मापाचं गोल सॉकेट आणि शेजारी 'ऑक्स' असं लिहिलेलं दिसलं, तर बाकीचे पर्याय विसरा. जुन्या प्लेयरना बहुधा ब्लूटूथ नसतंच, आणि एफएम ट्रान्समीटर (प्लेयरचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारी छोटी डबी) हा नाइलाजाचा उपाय.

वस्तू एकच लागते: दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली एक मीटरची स्टिरिओ केबल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 'मेल टू मेल ऑक्स केबल' म्हणालात की लगेच मिळते. पिनेवरचे पट्टे मोजून घ्या, दोनच हवेत. तीन पट्टे माइकवाल्या हेडफोनच्या पिनेला असतात. अशी पिन काही सॉकेटांत पूर्ण बसली की गाण्यातून गायक गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी वाजत राहतात. एका टोकाची पिन काटकोनी असेल तर उत्तम. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत सरळ पिन हिसके खाते आणि सॉकेट सैल होतं.

१. गाडी उभी असताना स्टिरिओचा आवाज शून्यावर आणा. केबलचं एक टोक प्लेयरच्या हेडफोन सॉकेटात, दुसरं ऑक्समध्ये, 'टक्' होईपर्यंत दाबा.

२. 'सोर्स' किंवा 'मोड'चं बटण दाबत ऑक्सवर या. यादीत ऑक्स नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन बघा. काही स्टिरिओंत तो तिथून चालू करावा लागतो.

३. प्लेयरचा इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमी-जास्त करणारी सेटिंग) बंद करा आणि आवाज साधारण तीन-चतुर्थांशावर ठेवा. पुढचं कमी-जास्त स्टिरिओवरच. प्लेयर फार हळू ठेवलात तर स्टिरिओ वाढवावा लागतो आणि गाण्याबरोबर 'सूं'ही वाढतं. पूर्ण सोडलात तर आवाज फाटतो.

४. रेडिओवर परत जाण्याआधी आवाज उतरवा, नाहीतर दचकाल.

आता नेहमीची तक्रार. प्लेयर गाडीच्या चार्जरला लावला की बारीक शिट्टी ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते. दुकानदार नवी केबल विकायला बघेल, पण केबलचा दोष नसतो. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी प्लेयरचं अर्थिंग गाडीशी जुळतं, आणि अल्टरनेटरचा (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राचा) गोंगाट त्या फेऱ्यातून स्पीकरपर्यंत पोचतो. खात्री करायची तर चार्जर उपटा. शिट्टी थांबली तर निदान बरोबर. प्लेयर घरून चार्ज करून आणा, किंवा गाडीला न जोडलेल्या पॉवर बँकेवर चालवा. गाडीतच चार्ज करायचा असेल तर ऑक्सच्या वायरीत 'ग्राउंड लूप आयसोलेटर', म्हणजे हा फेरा तोडणारी छोटी डबी, बसवा. स्वस्तातला घेतलात तर बेस थोडा कमी होईल.

पुढे सॉकेट नसेल तर स्टिरिओ बाहेर काढून पाठ बघावी लागते. तिथे लाल-पांढरी सॉकेटं दिसली म्हणून लगेच हुरळू नका. बऱ्याचदा ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी आउटपुट असतात, त्यांत प्लेयर लावून काहीच वाजणार नाही. 'ऑक्स इन' लिहिलेलं असेल तरच ३.५ मिमी ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) केबल घ्या. लाल उजवा, पांढरा डावा.

यूएसबीचा मोह होतो, पण स्टिरिओला प्लेयर पेनड्राइव्ह म्हणून ओळखता आला तरच तो गाणी वाचतो. प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'एमटीपी'ऐवजी 'मास स्टोरेज' निवडा. ३२ जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डं बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात आणि कित्येक स्टिरिओंना फक्त फॅट३२ हा जुना फॉरमॅट कळतो.

एफएम ट्रान्समीटरच वापरायचा असेल तर मुंबईत रिकामी जागा शोधणं हेच खरं काम. ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३, १००.७, १०४ आणि १०७.१ वर स्टेशनं आहेत. त्यांच्या आसपासही जाऊ नका. ८८-८९च्या पट्ट्यात नुसती खरखर ऐकू येणारी जागा निवडा आणि ट्रान्समीटर व रेडिओ, दोन्हीकडे तोच आकडा लावा. पुण्याला निघालात तर घाट ओलांडल्यावर ती जागा पुन्हा तपासा.

समुद्राजवळच्या दमट हवेत पिनेवर गंज धरतो आणि एकच बाजू वाजू लागते. पिन सॉकेटात चार-पाच वेळा गोल फिरवा. तरीही जमलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळल्यावर लावा.