पावसाळ्यात वावरात गाडी न्यायच्या आधी

तेल, स्टेपनी, पिण्याचं पाणी हे सांगायला नको. जॅकखाली ठेवायला जाड फळी मात्र घ्याच. काळ्या मातीत नुसता जॅकच खाली जातो.

आता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. जुनी जिप्सी किंवा जीप असेल आणि पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायच्या चकत्या असतील, तर डांबरी सोडायच्या आधी उतरा आणि त्या लॉकवर करा. दोन्ही बाजूंच्या. आतला फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर टाकला की काम झालं असं वाटतं, पण हब फ्री असेल तर आत शाफ्ट फिरतो आणि पुढची चाकं ढिम्म. एकच बाजू लॉक केली तरी तेच. सगळं फिरणं मोकळ्या बाजूला निघून जातं. मागच्या जुलैत मी हेच विसरलो. गारा, म्हणजे चिखल, हबच्या वर आल्यावर चकती हाताला लागते, फिरत मात्र नाही. म्हणून आधी हब, मग पांदण.

चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी निघेलच, असंही नाही. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक गाऱ्यात भिरभिरलं की त्याला लागतो तेवढाच फुटकळ जोर दुसऱ्यालाही मिळतो. पुढचं एक, मागचं एक असं फिरत राहतं आणि गाडी जागेवर. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, मग दुसऱ्याला जोर जातो. त्यासाठी ॲक्सिलरेटर बेताचा, पण एकसारखा ठेवा. खोल गाऱ्यात काही गाड्या इंजिनचाच जोर कापतात. ते बंद करायचं बटण कुठे आहे ते घरीच पाहून घ्या.

डिफ-लॉक दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवतो. ट्रॅक्टरवर टाचेने दाबायचं पेडल असतं, तेच हे. चाक भिरभिरत असताना लावू नका, काहीतरी तुटेल. अडचणीची जागा दिसली की थांबून, सरळ चाकांवर लावा. लावल्यावर गाडी नीट वळत नाही, तेव्हा धुऱ्याजवळ जपून. हो, आणि हब बघितले का?

टायरची हवा तीसवरून वीसच्या आसपास आणा. पंप सोबत नसेल तर कमी करू नका, परत डांबरीवर यायचंय. चाकाखाली टाकायला पऱ्हाटी उत्तम, पण ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, साप असतो.

ओढायला पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी, शॅकल. ताणला की सगळे लांब उभे राहा. नाल्याला पूर असेल तर जाऊच नका.

परतताना डांबरीवर डिफ-लॉक काढा, टू-व्हीलवर या, हब फ्री. चाकांच्या आतली माती त्याच दिवशी धुवा, वाळली की स्टिअरिंग थरथरतं.