मृत्युपत्र करायला वकिलाकडे जाताय? तिथे काय होतं, ते आधी वाचा

दोन कागद टाइप करून मिळतील या समजुतीने लोक जातात आणि पहिल्या भेटीत नुसत्या प्रश्नांनाच उत्तरं देऊन परत येतात. त्यात वावगं काही नाही. प्रश्न न विचारता लगेच मसुदा काढणारा वकील दिसला, तर मी दुसरा शोधेन.

जाण्याआधी सातबारा, आठ-अ, प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीखताचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एफडी, पीपीएफ, डीमॅट, विमा आणि कर्जं यांची यादी करा. प्रत्येकापुढे मालक कोण आणि नॉमिनी कोण ते लिहा.

यादी हातात पडली की वकील आधी विचारतो, यातलं स्वकष्टार्जित किती आणि वडिलोपार्जित किती? हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तुम्हाला फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापलीकडे जाता येत नाही. गोव्याचा वारसा कायदा वेगळा. तिथे मुलंबाळं असतील तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो.

“नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?” हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. नॉमिनी सहसा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं.

मुलाला किंवा सुनेला सोबत आणलंत, तर वकील त्यांना बाहेर बसवेल. राग मानू नका. ज्याला घर मिळणार त्यानेच वकील गाठला, मजकूर सांगितला, असं दिसलं की पुढे कोर्टात संशयाला जागा मिळते. दुसरी बायको, न बोलणारी मुलगी, भावाचं जुनं देणं हे सगळं आतच सांगा.

कधी बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मालमत्ता देऊन टाकण्याचा पर्याय पुढे येतो. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडांना देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये असल्याने मोह होतो. पण दिलेलं घर गेलंच. सांभाळण्याची अट घातली असेल आणि ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली दाद मागता येते, पण उतारवयात खेटे कोण घालणार? एकुलतं राहतं घर असं देऊ नये, असं माझं मत.

मसुदा आला की नावं आधारकार्डाशी ताडून बघा. ज्याला द्यायचं तो आधी वारला तर काय, आणि यादीत राहून गेलेली मिळकत कोणाला, ही दोन कलमं हवीतच. व्यवस्थापक (एक्झिक्युटर), म्हणजे तुमच्या मागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा, म्हणून तुमच्याहून तरुण माणूस नेमा.

सहीच्या वेळी किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहून मग तुमच्यासमोर स्वतःची सही करायची. मजकूर वाचायची त्यांना गरज नाही. लाभार्थी मात्र साक्षीदार नको. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. नोंदवलेलं मृत्युपत्रही नंतर बदलता येतं, कायदेशीर रीतीने केलेलं शेवटचंच चालतं.

वकिलाच्या फीमध्ये नोंदणीसाठी निबंधक कार्यालयातली फेरी धरली आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मूळ प्रत कुठे ठेवली, ते व्यवस्थापकाला सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर तुमच्या मागे तो कोण उघडू शकेल, तेही बघून ठेवा.