वाळवंटातल्या तळ्यावर शिडाची होडी: पहिल्या शनिवार-रविवारची तयारी

ॲरिझोनात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: इथे आहात तोवर शिडाची होडी चालवायला शिका. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएच्या छात्रांची शिडं आपल्यापैकी अनेकांनी लांबून पाहिलेली असतात, पण आपण ती हाताळावीत असं मनात येत नाही. इथे ते सहज जमतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या फिनिक्सच्या वायव्येला लेक प्लेझंट आहे. फिनिक्सला लागून असलेल्या टेंपी शहराहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता.

त्या तळ्याची घडण आधी समजून घ्या, पुढे उपयोगी पडते. आगुआ फ्रिया नदीवर १९२७ मध्ये पहिलं धरण झालं. १९९४ मध्ये त्याच्या खालच्या अंगाला न्यू वॉडेल धरण पूर्ण झालं, तळं जवळपास तिप्पट पसरलं आणि जुनं धरण पाण्याखाली गेलं. आता यातलं बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीचं, लेक हवासूहून कालव्याने आणलेलं. हिवाळ्यात मागणी कमी असते तेव्हा तळं भरून घेतात, उन्हाळ्यात शहरांना आणि शेतीला सोडतात. त्यामुळे वसंतात ज्या खडकावरून होडी निर्धास्त गेली, तो शरदात पाण्याबाहेर डोकावत असतो किंवा, त्याहून वाईट, वीतभर खाली दडलेला असतो. निघण्याआधी पाण्याची पातळी बघायची, आणि कडेच्या खाड्यांमध्ये शिरताना डॅगरबोर्ड (होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी, वर-खाली सरकणारी फळी) थोडा वर घ्यायचा.

हंगाम निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल गाठा. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन छान असतं, पण पाणी १५ अंशांच्या खाली असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वास अनावर होतो, पोहता येणाऱ्यांचाही. तेव्हा वेटसूट (पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) नसेल तर जाऊ नका. १५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून. लांबवर ढग उभा दिसतो, त्यातून थंड हवा खाली कोसळते आणि शांत तळं काही मिनिटांत खवळतं. नवशिक्याने त्या दिवसांत दुपारी पाण्यावर नसावं, असं माझं ठाम मत आहे.

थेट लेक प्लेझंटवर जाण्याआधी टेंपी टाऊन लेकसारख्या लहान पाण्यावर शिकवणीचा एखादा वर्ग करा. सुकाणू, मेनशीट (शीड ओढायची-सोडायची दोरी), टॅक (होडीचं पुढचं टोक वाऱ्यातून फिरवून वळणं), जाइब (मागचं टोक वाऱ्यातून फिरवून वळणं) हे तिथे हाताला बसतं. होडी सनफिश जातीची निवडा. लेझर नावाची दुसरी छोटी होडीही तेवढीच, सव्वाचार मीटरच्या आसपास. दोघींचं शीड सुमारे ७ चौरस मीटरचं. पण लेझर चपळ आणि डळमळती, तर सनफिश नवख्याला सांभाळून घेते.

आता वारा. या तळ्यावर तुम्ही खरं शिकता ते हेच. रात्री डोंगर थंड होतात, हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून सकाळी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून हलका वारा मिळतो. दहा-अकराच्या सुमारास तो मरतो. मग जमीन तापते आणि दुपारी पश्चिम-नैर्ऋत्येकडून उलटा वारा सुरू होतो, बहुधा सकाळपेक्षा जोरदार. कुठेही पहिला धडा असतो की जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे येताना तो पाठीशी राहील. इथे सकाळी पूर्वेला तसं गेलात, तर दुपारी परत येतानाही वारा समोरच असतो. म्हणून पहिल्या दिवशी वारा पालटेपर्यंत धक्क्याच्या आसपासच राहा.

शिवाय इथे झाडं बघून वारा ओळखता येत नाही. सग्वारो निवडुंग कसल्याही वाऱ्यात हलत नाही. पाणीच वाचावं लागतं: काळपट, खरखरीत दिसणारा पट्टा तुमच्याकडे सरकत असेल तर झोत येतोय, त्याआधीच होडी कलू नये म्हणून अंग बाहेर टाकायची तयारी हवी. शिडावर लोकरीचे धागे चिकटवा, त्यांवरून वारा कसा वाहतोय ते कळतं. पाच ते दहा नॉट (ताशी साधारण नऊ ते अठरा किलोमीटर) वारा शिकायला उत्तम. लाटांची टोकं सगळीकडे पांढरी दिसू लागली की वारा बारा नॉटांच्या पुढे गेलाय, किनाऱ्याला लागा.

शनिवारी सगळ्यात आधी, किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यात होडी मुद्दाम उलटवून बघा. लाइफ जॅकेट अंगात हवंच. इथल्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनाच ते चालत्या होडीत घालणं सक्तीचं आहे, बाकीच्यांसाठी होडीत असलं तरी चालतं. पण पाण्यात पडल्यावर ते चढवणं फार अवघड. उलटल्यावर होडी सोडायची नाही. मेनशीट मोकळी करा, नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळवा, मग डॅगरबोर्डवर भार टाका. शीड पाण्याने भरलेलं असतं, हळूहळू उठतं. घाई केली तर होडी पुन्हा पलीकडे पडते. हे न घाबरता जमेपर्यंत करा. मग उरलेल्या वेळात मन मोकळं राहतं आणि शिकणं खऱ्या अर्थाने सुरू होतं.

सामान थोडंच: माणशी दिवसाला चार लिटर पाणी, लांब बाह्यांचा शर्ट, दोरीने बांधलेली टोपी, हातमोजे, शिट्टी. डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहायचंच. रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकता येतो. चोया निवडुंगाचा तुकडा अंगाला चिकटला तर बोटांनी ओढू नका, कंगव्याने उडवा. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. आणि रात्री कुणी मोठ्याने रेकलं तर घाबरू नका, इथे रानगाढवं फिरतात, फार देखणी असतात.

रविवारी मोटारबोटींची गर्दी होते, म्हणून लवकर उतरा. शिडाच्या होडीला मोटारबोटीने वाट द्यावी असा नियम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्यांच्या लाटा आडव्या घेण्याऐवजी तिरक्या घ्या. दोन शिडं समोरासमोर आली तर ज्याच्या डावीकडून वारा येतोय त्याने बाजूला व्हायचं.

निघताना होडीचं बूच काढून सगळं पाणी तिथेच सांडा, पुसा, वाळवा. या तळ्यात क्वागा नावाचे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले आहेत आणि ओल्या होडीतून ते दुसऱ्या तळ्यात पोचतात.

होडी विकत घ्यायची घाई नको. ॲरिझोना यॉट क्लबच्या शर्यती याच तळ्यावर आणि टेंपी टाऊन लेकवर होतात. मोठ्या होड्यांना दोऱ्या ओढायला माणूस हवाच असतो. वेळेवर पोचा, नवीन आहे असं स्पष्ट सांगा आणि क्रू म्हणून जागा आहे का ते विचारा.