स्नो ब्लोअर सुरू होत नाहीये? रॉचेस्टरला (न्यूयॉर्क) नवीन आलेल्यांसाठी

पहिला मोठा बर्फ पडला की सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो. "काका, मशीन सुरूच होत नाहीये." मशीन म्हणजे स्नो ब्लोअर, बर्फ आत ओढून बाजूला फेकणारं. नुकतंच घर घेतलेलं कुणीतरी असतं, ड्राइव्ह-वेवर फूटभर बर्फ आणि आठला मुलांना डे-केअरला सोडायचं असतं. जाऊन बघतो तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, गेल्या मार्चपासून टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा असतो. लेक ऑन्टारिओवरून वारा सुटला की इथे काही तासांत ढीग लागतो, वर्षाला सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो, आणि नेमकं त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे रांग असते. म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत एकदा मशीन बाहेर काढून सुरू करून बघा.

घरी कधी चेतक होती का? मग अर्धं काम तुम्हाला येतंच. स्पार्क प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे का बघायचं. फक्त चेतकसारखं हे मशीन एका अंगावर कलतं करू नका; फोर-स्ट्रोक इंजिनातलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. आणि एअर फिल्टर शोधत बसू नका, बहुतेकांना तो नसतोच. बर्फात धूळ कुठली, आणि असता तर तोच आधी गोठला असता.

सुरू होत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा: प्लास्टिकची किल्ली पूर्ण आत आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, चोक ओढलाय का, प्रायमरचं रबरी बटण दोन-तीनदा दाबलं का. मी स्वतः पहिल्या वर्षी कॉक बंद ठेवून अर्धा तास दोरी ओढली होती, खांदा आठवडाभर दुखत होता. इंजिनाच्या बाजूला तीन पिनांचं सॉकेट असेल तर दोरी ओढायचीही गरज नाही. घरातल्या प्लगमधून एक्स्टेंशन कॉर्ड लावा आणि स्टार्टरचं बटण दाबा. मात्र हे सगळं गराजच्या बाहेर. दार उघडं ठेवलं तरी आत कार्बन मोनॉक्साइड साठतो.

चोक ओढलेला असतानाच चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, असं असेल तर जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक वाट) तुंबलाय. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत पेट्रोल शिळं व्हायला लागतं. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरखाली डबा धरा आणि खालची वाटी एका बोल्टवर असते तो बोल्ट काढा. गेल्या वर्षी एका मुलाच्या मशीनची वाटी उघडली तर तळाला मधासारखा पिवळा चिकट थर आणि त्यावर पाण्याचे दोन टपोरे थेंब, पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळणारे. कित्येक इंजिनांत तो बोल्टच जेट असतो, त्याच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढून तिने ती भोकं मोकळी करा आणि कार्ब क्लीनर मारा. स्टीलची तार नको, भोक मोठं होतं. एका दुकानाने माझ्याकडून याच कामाचे इतके पैसे घेतले होते की त्यात नवा कार्ब्युरेटर आला असता.

इंजिन चालतंय, पण पुढच्या ऑगरची (बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या पात्यांची) एकच बाजू फिरतेय, तर शिअर पिन तुटलीय. ती तुटण्यासाठीच बनवलेली असते. बर्फाखाली दडलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला पेपर रात्रभरात वरवंट्यासारखा कडक होतो. तो आत गेला की पिन जाते आणि गिअरबॉक्स वाचतो. इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून मगच पिन बदला. त्या जागी घरातला कुठलाही बोल्ट घालू नका, पुढच्या पेपरला गिअरबॉक्स जाईल. त्याच मापाच्या चार पिना ऑक्टोबरमध्येच आणून हँडलला पिशवीत बांधून ठेवा. दोन्ही बाजू थांबल्या असतील तर बेल्ट किंवा लिव्हरची सैल झालेली केबल बघा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक, ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी ओल्या, जड बर्फाचा बांध घालून जातो. तिथे च्यूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारा नळा, हमखास तुंबतो. त्यात हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं असलं तरी नाही. आतल्या पंख्यात ताण अडकलेला असू शकतो आणि बर्फ सुटला की तो एक झटका फिरतो. बोटं जायला तेवढं पुरतं. इंजिन बंद करा, फिरणं थांबू द्या आणि मशीनला अडकवलेल्या प्लास्टिकच्या दांड्याने बर्फ काढा. सुरुवातीलाच च्यूटमध्ये सिलिकॉन स्प्रे मारला तर तुंबणं बरंच कमी होतं.

काम झाल्यावर मिनिटभर ऑगर रिकामा फिरवा, नाहीतर उरलेला बर्फ गोठून दुसऱ्या दिवशी तो हलतच नाही. गुढीपाडव्यानंतरही इथे एखादा बर्फ पडतो, त्यामुळे एप्रिल संपताना टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर गाडीत ओतलं तरी चालतं. मशीन जुनं टू-स्ट्रोक असेल तर मात्र नाही, त्यात चेतकसारखं ऑइल मिसळलेलं असतं.