यीस्टच्या तेलाचं मॉडेल: आधी तेल वजनातून बाजूला काढा

काही यीस्ट नायट्रोजन संपला की उरलेल्या साखरेचं तेल करून पेशीत साठवतात. ही वाढ आणि हे तेल समीकरणांत मांडणाऱ्या माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये पेशींचं कोरडं वजन हा एकच आकडा होता. आलेख छान बसला. पण नायट्रोजन संपल्यावरही मॉडेल म्हणत होतं की यीस्ट वाढतंय. नाईल रेड या तेलाला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशींची संख्या तेवढीच होती. आधीच्याच पेशी पिवळ्या, चमकदार थेंबांनी गच्च भरल्या होत्या. वजन वाढत होतं ते तेलाचं.

म्हणून सुरुवात इथूनच करा. प्रत्येक नमुन्याचं कोरडं वजन घ्या, त्यातलं तेल काढून मोजा आणि वजा करा. उरलं ते पेशीचं अंग. मॉडेलमध्ये अंग, तेल, साखर आणि नायट्रोजन या चार राशी वेगळ्या ठेवा. पेशीभित्ती नीट फोडली नाही तर तेल आतच राहतं आणि अंग फुगलेलं दिसतं. ती चूक पुढे कुठल्याही समीकरणाने निस्तरत नाही.

अंगाच्या वाढीच्या दराला मोनोचं समीकरण पुरतं: कमाल दर गुणिले नायट्रोजन, भागिले (नायट्रोजन अधिक एक स्थिरांक). साखरेसाठी असाच आणखी एक गुणक लावा. तेलाच्या दराला मात्र उलटा गुणक हवा: दबावाचा स्थिरांक, भागिले (तोच स्थिरांक अधिक नायट्रोजन). म्हणजे नायट्रोजन असेपर्यंत तेल दबलेलं राहतं आणि तो संपला की सुटतं. हा गुणक उगाच चिकटवलेला नाही. नायट्रोजन संपला की पेशी एएमपी हा नायट्रोजन असलेला रेणू फोडून त्यातला अमोनिया वापरते. एएमपी घटल्यावर मायटोकॉन्ड्रियातलं आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं आणि सायट्रेट साचून बाहेर येतं. एटीपी सायट्रेट लायेज हे दुसरं विकर त्यातून असिटिल कोए बनवतं, आणि तोच तेलाचा कच्चा माल.

संगणक उघडण्याआधी कागदावर हिशेब करा. लिटरला ४० ग्रॅम ग्लुकोज आणि २ ग्रॅम अमोनियम सल्फेट घेतलं, तर नायट्रोजन ०.४२ ग्रॅम. अंगात ८ टक्के नायट्रोजन धरला तर अंग ५.३ ग्रॅम बनेल. त्याला निम्म्या उताऱ्याने (एक ग्रॅम साखरेतून अर्धा ग्रॅम अंग) १०.६ ग्रॅम साखर लागेल. उरलेल्या २९.४ ग्रॅमपैकी पाचवा हिस्सा तेल झालं, तर ५.९ ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या ५३ टक्के. ग्लुकोजपासून तेलाचा सैद्धांतिक उतारा १०० ग्रॅमला ३२ ग्रॅमच्या आसपास आहे. तुमचं फिटिंग (मोजमापांशी जुळवून काढलेले स्थिरांक) त्याच्या वर गेलं, तर मॉडेल खोटं बोलतंय.

हाच हिशेब करताना मी फसले होते. माध्यमात लिटरला १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टचा अर्क) होतं आणि ते मी नायट्रोजनमध्ये धरलंच नव्हतं. त्यात साधारण १० टक्के नायट्रोजन असतो. तो मिळवला की ०.५२ ग्रॅम होतात, अंग ६.५ वर जातं आणि तेल ५.४ ग्रॅमवर उतरतं: ५३ ऐवजी ४५ टक्के! मी मात्र आठवडाभर वाढीचा स्थिरांक खाली-वर करत बसले होते.

सगळे स्थिरांक एकदम सोडवू नका. कमाल दर सुरुवातीच्या काही तासांतल्या अंगाच्या लॉगरिदमच्या चढावरून काढा. उतारे वरच्या हिशेबातून बांधून ठेवा. नायट्रोजनचा मोनो स्थिरांक तर एकाच बॅचमधून हाती लागतच नाही, कारण तो कामाला येतो त्या थोड्या वेळात नमुने जेमतेम एक-दोन असतात. त्याला एक छोटी किंमत देऊन पुढे जा. फिटिंगला फक्त तेलाचा कमाल दर आणि दबावाचा स्थिरांक ठेवा.

यीस्ट यारोविया लिपोलिटिका ही जात असेल तर सायट्रिक आम्ल मोजाच. बरीच साखर तिकडे वाहून जाते आणि कार्बनचा ताळेबंद जुळत नाही. साखर संपल्यावर पेशी स्वतःचंच तेल खाते, म्हणून शेवटच्या दिवसांसाठी तेल घटवणारं पद जोडा. मॉर्टिएरेलासारखी बुरशी गोळ्या धरते आणि गोळ्याच्या आत ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे वाढ घातांकी राहत नाही. वजनाचं घनमूळ वेळेसोबत सरळ रेषेत चढतंय का ते तपासा.

शेवटी अमोनियम सल्फेट दुप्पट घातलेला फ्लास्क लावा आणि एकही स्थिरांक न हलवता त्याचं तेल आधीच कागदावर लिहून ठेवा.