सोल्डरिंग स्टेशनवरचा आकडा आणि बिटाचे खरे तापमान

फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या दुकानात बॅटरीवर चालणारे फवारणी पंप दुरुस्तीला येतात आणि त्यांच्या चार्जिंग सर्किटवर बरेचदा आधीच्या दुरुस्तीतले ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला कच्चा सांधा, सापडते. अशा वेळी कारागिराच्या हाताला दोष दिला जातो, पण दोष पुष्कळदा तापमानाचा असतो. 936 या मॉडेलच्या पद्धतीच्या, एलिमेंट (हँडलमधला तापणारा भाग) बदलता येणाऱ्या सोल्डरिंग स्टेशनवर दिसणारा 350 अंशांचा आकडा एलिमेंटमधल्या सेन्सरचा असतो, त्यावर बसणाऱ्या बिटाच्या टोकाचा नव्हे. या दोहोंतील अंतर कमी करायचे असेल, तर कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडा खऱ्या तापमानाशी जुळवण्याचा, स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावा.

आधी प्लग काढून हँडल पूर्ण थंड होऊ द्यावे आणि एलिमेंटच्या तारांच्या दोन्ही जोड्या मल्टिमीटरने मोजाव्यात. पीटीसी सेन्सर (तापला की ज्याचे ओहम वाढतात असा) असलेल्या मूळ पद्धतीच्या एलिमेंटमध्ये हीटरची जोडी 2.5 ते 3.5 ओहम आणि सेन्सरची जोडी 43 ते 58 ओहम दाखवते. हे आकडे 23 अंशांच्या आसपासचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या दुकानात मोजले, तर चांगला सेन्सरही जास्त ओहम दाखवतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे.

बाजारात हुबेहूब तसेच दिसणारे, पण आत थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) असलेले एलिमेंटही मिळते आणि त्याच्या सेन्सरची जोडी जेमतेम एक-दोन ओहम दाखवते. मी एकदा न मोजता असे एलिमेंट पीटीसीच्या स्टेशनला जोडले. कमी ओहम म्हणजे एलिमेंट थंड, असे समजून स्टेशन ते तापवतच राहिले आणि मिनिटभरात बिटावरची कल्हई जळून ते काळेनिळे पडले. तेव्हापासून नवे एलिमेंट मोजल्याशिवाय मी जोडत नाही.

सेन्सरच्या तारांचे सांधे आणि पाच पिनांचा प्लग घट्ट व स्वच्छ हवा. पीटीसीच्या वाटेत सैल सांध्याचे ओहम मिळाले की स्टेशनला एलिमेंट आहे त्यापेक्षा गरम भासते आणि बिट थंडच राहते. हँडल हलवल्यावर आकडा उडत असेल, तर तिथेच बघावे.

सर्वांत जास्त तापमान मात्र एलिमेंट आणि बिट यांच्यामधल्या फटीत हरवते आणि इकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बिट थंड असताना काढून त्याचे भोक पालथे करून टिचकी मारावी. जुन्या बिटातून काळी खपली पडते. ती उष्णता अडवते, म्हणून बिट आणि त्याच्यावरची नळी दर आठवड्याला काढून कोरड्या कापडाने पुसावीत. एलिमेंट भोकात सरळ जावे, पण खडखडू नये. सैल बसणारे स्वस्त बिट कितीही कॅलिब्रेट केले तरी कामात मागे पडते. नट हाताने बसवून किंचित आवळावा, कारण जास्त जोर दिल्यास सिरॅमिक तडकते. शेवटी बिट आणि प्लगची अर्थ पिन यांच्यामध्ये 2 ओहमपेक्षा कमी येते ना, हे पाहावे.

आता कॅलिब्रेशन. आकडा 350 वर स्थिर होऊ द्यावा, बिटाला ताजे सोल्डर लावावे आणि टिप थर्मामीटरच्या (टोकाचे तापमान मोजणाऱ्या यंत्राच्या) सेन्सरवर टेकवून फरक स्क्रूने सावकाश काढावा. थर्मोकपल गरम आणि थंड टोकांतील फरकच मोजते. त्यामुळे थर्मोकपलवर चालणाऱ्या ज्या स्टेशनमध्ये भोवतालच्या तापमानाची भरपाई होत नाही, त्यात डिसेंबरच्या 10 अंशांत केलेले कॅलिब्रेशन मेच्या 45 अंशांत सुमारे 35 अंशांनी चुकते आणि बिट तेवढे जास्त तापते. अशा स्टेशनचे कॅलिब्रेशन दर ऋतूला करावे.

खेड्यातली आणखी एक अडचण म्हणजे संध्याकाळी पडणारे व्होल्टेज. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या स्टेशनला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर हीटरची ताकद सुमारे 61 टक्क्यांवर येते. आकडा तोच दिसतो, पण जाड तार टेकवताच बिट थंड होते आणि लवकर सावरत नाही. अशा वेळी तापमान 400 पर्यंत चढवू नये, त्याने फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरायचा पदार्थ) आधीच जळून जाते. 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) सोल्डर 183 अंशांनाच वितळते, त्यामुळे 350 पुरेसे असते. छिन्नीच्या आकाराचे रुंद बिट लावावे, दोन सांध्यांमध्ये दम घ्यावा आणि बंद करण्यापूर्वी टोकावर सोल्डरचा जाड थर ठेवावा.